सुखवर्तुळाबाहेरची शाळा

शिक्षक सुखात असला की मुलांचं नुकसान होतं, हे आता शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. कुठल्या शास्त्रानं, तेही लिसेन्सियादो, म्हणजे पदवीवाले साहेब, इन्सफ्रान ह्यांनी सांगितलं होतं. पण त्या वेळी मी त्यांच्याचसाठी कोंबडीच्या रश्शात मक्याचे गोळे सोडत होते, त्यामुळे नाव तेवढं राहून गेलं. शास्त्राचं नाव राहिलं तरी चालतं. गोळ्यांकडे लक्ष राहिलं नाही की ते फुटतात.

हे सद्गृहस्थ राजधानीहून आमच्या गावी आले ते 'सुखवर्तुळत्याग व शिक्षकवर्धन' नावाचा कार्यक्रम घेऊन. प्रत्येक माणसाभोवती म्हणे एक वर्तुळ असतं. जे जमतं, जे आवडतं, जे करून करून अंगवळणी पडलंय, ते सगळं त्याच्या आत. आणि वाढ बाहेर उभी असते, शाळेच्या फाटकापाशी मी चिपा-पावांची टोपली घेऊन बसते तशी, कोणी येतंय का बघत. (माझ्या चिपा गरम असतात आणि त्यात चीज असतं, म्हणून पोरं येतात. वाढीला ती सोय नाही.) शिक्षकानं वर्तुळ ओलांडलं, की ती आपणहून त्याच्या गळ्यात पडते.

कार्यशाळा माझ्याच अंगणात भरली, आंब्याखाली, कारण फेब्रुवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, शाळेचे पत्रे तापतात आणि पाहुण्यांना उकाड्याचा त्रास होतो. साहेबांना रोज तीच खुर्ची लागे, तोच पंखा आणि तोच रस्सा. मी एकदा बदल म्हणून नदीतली मासळी पुढे केली.

"नको हो, दोन्या फाकुंदा." दोन्या म्हणजे बाईसाहेब, मानानं म्हणतात. "मला आपला कालचाच रस्सा सोसतो."

(वर्तुळाचा नियम तज्ज्ञांना लागू नाही. आखणाऱ्यानं कुठेतरी घट्ट बसायला नको का?)

पद्धत अतिशय सोपी होती आणि तिचं मी मनापासून कौतुक करते. शिक्षकाला एकच प्रश्न विचारायचा, "तुम्हाला काय चांगलं येतं?" आणि तो जे सांगेल ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. हार्पवर मुलांची गाणी बसवणाऱ्या बाईंना भूमिती मिळाली. भूमितीच्या मास्तरांना हार्प मिळाला. त्याच्या दोन तारा पहिल्याच आठवड्यात वाढीच्या कामी आल्या. हेडमास्तर विल्फ्रिदो ह्यांना प्रश्न विचारला, तेव्हा ते बराच वेळ आठवत राहिले. मग पुन्हा आठवत राहिले. काहीच सापडेना, त्यामुळे काढून घ्यायलाही काही निघेना, आणि ते आपल्या जागी कायम राहिले. ह्यालाच प्रशासकीय कौशल्य म्हणतात.

राहिले दोघे. कवायतीचा देर्लिस, फाटकाएवढा रुंद गडी, आणि माझी लेक सुनिल्दा, जी एकोणीस वर्षं पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवत आली. तिच्या शिकवण्यातला दोष साहेबांनी चुटकीसरशी पकडला. ती पोरांशी ग्वारानी भाषेत बोलते, जी पोरं घरी बोलतात. पुस्तकातली स्पॅनिश मागाहून, पाहुण्यासारखी, हळूहळू घरात घेते.

"म्हणजे तुम्ही बोलता ते मुलांना लगेच कळतं?" साहेबांनी विचारलं.

"कळतं की."

"आणि ती बोलतात ते तुम्हाला?"

"तेही कळतं."

"बघा! दोन्ही बाजूंना सोय!" आणि त्यांनी फळ्यावर एकात एक दोन वर्तुळं काढली. अंगणातल्या सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतली. पहिली देर्लिसला गेली आणि कवायत माझ्या लेकीला.

सुनिल्दा उठून उभी राहिली. "साहेब, मला नोव्हेंबरपर्यंत पहिली राहू द्या. वर्ष संपायच्या समारंभाला माझं प्रत्येक पोर आपल्या आईला एक ओळ वाचून दाखवतं. इतक्या वर्षांत एकही आई कोरडी परत गेलेली नाही. ह्या वर्षी एकवीस पोरं आहेत. ती वाचू लागली की मग मला खुशाल छपरावर नाचवा."

साहेब हळवे झाले. मास्तरणीला आमच्याकडे 'प्रोफे' म्हणतात. "प्रोफे, हा तुमचा आवाज नाही. हा वर्तुळाचा आवाज आहे."

ह्या वाक्याला उत्तर नसतं. विरोध केला तर वर्तुळ बोलतंय, गप्प बसलं तर संमती आहे, रडलं तर वाढ सुरू झाली. मी पुष्कळ सासवा पाहिल्यात, दोन सुनांची मी स्वतःही आहे; पण इतका चोख बंदोबस्त मला आजवर साधला नाही.

मी पळीसकट पुढे झाले. "साहेब, असं करू. उद्यापासून बाळंतपणं गवंडी करेल आणि सुईण भिंती बांधेल. चालेल?"

"सुंदर उदाहरण आहे, दोन्या!" ते म्हणाले. "पुढच्या गावात वापरू का?"

तर शाळा वर्तुळाबाहेर सुरू झाली. देर्लिसला वाचता येतं, फुटबॉलचं पान तो रोज वाचतो. पण पुढ्यात एकवीस चिमुरडी बसली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मधल्या सुट्टीत तो फाटकापाशी यायचा आणि माझ्या टोपलीशेजारी मटकन बसायचा.

"चिपा द्या, दोन्या. पाय लटपटतायत."

"शंभर उठाबशा काढणारा गडी तू, मेल्या!"

"त्या परवडल्या हो. एक पोर विचारतंय, 'म' म्हणताना तोंड का मिटावं लागतं? आता ह्याला काय सांगायचं?"

"मग काय सांगितलंस?"

"मैदानाला दोन फेऱ्या मारून ये म्हटलं."

दर महिन्याला वाढीची मोजणी व्हायची. वाढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्रास मोजायचा; घाम, अडखळणं, झोप उडणं आणि विजारीचा पट्टा किती आत गेला ते. देर्लिस पहिल्याच मोजणीत जिल्ह्यात वरचा आला. सुनिल्दाचा गुडघा सुजला, तिलाही बरे गुण पडले. पोरांना त्या महिन्यांत एक अक्षर आलं नाही. पण मोजणी शिक्षकांची होती, पोरांची नव्हे, तेव्हा निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मग माझ्या लेकीनं एक चूक केली. पहिलीची पोरं कवायतीला तिच्याकडेच यायची. तिनं मैदानातल्या लाल मातीत काठीनं ही मोठाली अक्षरं ओढली आणि पोरांना त्यांच्यावरून पळवायला लागली. इकडून तिकडे पळायचं आणि पाय पडेल ते ओरडायचं. तीन अक्षरं पोरांच्या पायांत बसली. चौथं बसलं असतं, तर त्यांनी पहिला शब्द वाचला असता.

नेमके तेव्हा साहेब पाहणीला आले. मला सकाळीच कुणकुण लागली होती. मी सुनिल्दाला बजावलं, "लंगडत चाल. मधूनमधून कण्ह. आणि चेहरा पाड, तुझा बाप लग्नाच्या फोटोत उभा आहे तसा."

"आई, मी लहान आहे का?"

"हसू नकोस म्हणजे झालं."

ती बिचारी बराच वेळ कण्हली. मग एक पोर भलत्याच अक्षरावर जाऊन पोचलं आणि चूक कबूल करण्याऐवजी तिथेच मांडी घालून बसलं. उठेचना. "अक्षरानं इकडे यावं," म्हणालं. आणि माझी मूर्ख लेक हसली. गुडघा विसरून, पोट धरून हसली.

साहेबांनी टोपी काढली. "प्रोफे! तुम्ही इथेही सुखात आहात!" चोराला रंगेहाथ पकडल्यावर पोलीससुद्धा इतका दुखावत नाही.

पुढचं सगळं नियमानुसार झालं. जे जमायला लागलं ते वर्तुळ. वर्तुळ दिसलं की बाहेर. देर्लिसलाही हलवलं, कारण 'म'ला तोंड का मिटतं ते त्यानं स्वतः आरशासमोर उभं राहून शोधलं होतं आणि आता तो वर्गात शिट्टी वाजवत जायचा, म्हणजे रोग लागलाच होता. पहिलीवर दर महिन्याला नवा शिक्षक येऊ लागला, ताजा, घाबरलेला, वाढीला अगदी योग्य. सुनिल्दाला मात्र 'जुनाट सुख' असल्याचं निदान झालं. पोरं जिथे असतील तिथे तिला बरं वाटतं, असा तो आजार आहे. उपाय उघड होता. तिला पोरांपासून लांब, जिल्ह्याच्या कचेरीत नेमलं, इतर शिक्षकांना वर्तुळातून बाहेर काढायला.

तिथे तिची विलक्षण वाढ होते आहे. संध्याकाळच्या बसमधून ती उतरते तेव्हा तिचे डोळे सुजलेले असतात. कचेरीच्या भिंतीवर तिचा फोटो लागला आहे.

"सोड ती नोकरी," मी तिला म्हटलं.

"आई, मी सोडली तर माझ्या जागी कोणीतरी असा येईल ज्याला हे काम आवडतं."

ह्यावर मी भांडी घासायला उठले.

नोव्हेंबरात समारंभ झाला. पहिलीच्या आया धुतलेले, इस्त्री केलेले झगे घालून पुढच्या बाकांवर येऊन बसल्या. त्यांच्यातल्या कित्येकींना स्वतःला वाचता येत नाही, म्हणून त्या लवकर येतात. हेडमास्तर विल्फ्रिदोंनी जाहीर केलं की ह्या वर्षी वाचनाऐवजी मुलं आपल्या शिक्षकांच्या वाढीसाठी टाळ्या वाजवतील. मुलांनी वाजवल्या. फार छान वाजवल्या. एक आई तरीही पुढे वाकून, कान देऊन बसली होती. तिला वाटलं, वाचन टाळ्यांनंतर असेल.

साहेबांनी भाषणात सांगितलं की शिक्षकांची वाढ एक्केचाळीस टक्के झाली.

"आणि पोरांची?" मी मागून विचारलं.

"मुलांसाठी वेगळा टप्पा आहे, दोन्या. त्याचा निधी यायचाय."

तुम्ही हसलात, आणि साहेबांना मनातल्या मनात चार शिव्याही घातल्यात. मला माणसं कळतात. मी तुम्हाला इन्सफ्रानचं नाव सांगितलं, विल्फ्रिदोचं सांगितलं, देर्लिसचं, माझ्या लेकीचं, माझं. त्या एकवीस पोरांपैकी एकालाही आज स्वतःचं नाव वाचता येत नाही. आणि त्यातल्या एकाचं तरी नाव काय, हे इथवर येऊन तुम्हीही विचारलेलं नाही. कचेरीत सुनिल्दाच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. अर्ज करा. तुम्हाला तिथे मुळीच अवघडल्यासारखं होणार नाही.