दाढेतला मासा

"हे काम तू माझ्यावर सोड!" डॉक्टरीणबाईंचे यजमान म्हणाले, आणि बाईंनी तिथल्या तिथे कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई दातांच्या. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर. आतल्या खोलीत ती खुर्ची, बाहेरच्या खोलीत पेशंट, आणि मधे एक पातळसं दार. आत ड्रिल सुरू झालं की बाहेरचे पेशंट 'गाडी नीट लावलीय का बघून येतो' म्हणत एकेक करून उठायचे, ते पुन्हा दिसायचे थेट गालाचा भोपळा झाल्यावर! म्हणून बाईंना बाहेर एक टीव्ही हवा होता. त्यावर निळं पाणी, संथ मासे, मंद संगीत. बास.

"पेन ड्राइव्ह लावला की झालं ना?" बाईंनी विचारलं.

"पेन ड्राइव्ह!" यजमान कीव आल्यासारखे हसले. "अगं, आत कॉम्प्युटर आहे, त्यावर विंडोज काढून मी स्वतः घातलेलं लिनक्स आहे. एक ग्राफिक्स कार्ड टाकायचा अवकाश! कार्डाचं एक तोंड तुझ्या खुर्चीजवळच्या पडद्याला, दुसरं बाहेरच्या टीव्हीला. हाय डेफिनिशन! माशाचा खवला अन् खवला मोजून घे!"

"मला दात मोजायचे असतात," बाई म्हणाल्या. पण तोवर यजमान इंटरनेटवर पोचले होते.

यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे सांभाळायचे, आणि नकाशे आपले आपण गप्प पडून असल्यामुळे त्यांना वाचायला वेळ भरपूर. लिनक्सवर कुठलं कार्ड चांगलं, यावर जगभरचे लोक भाऊबंदकीला उतरले होते. कार्ड चालवायला कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम, वापरावा की लोकांनी फुकट लिहिलेला, यावरून तर एकमेकांचं खानदान निघालं होतं. एकाने लिहिलं होतं, 'हे कार्ड डोळे झाकून घ्या.' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, 'डोळे झाकूनच बसावं लागतं. काही दिसतच नाही.'

शेवटी यजमान दुकानात गेले.

"लिनक्सवर चालणारं कार्ड दाखवा."

"लिनक्सवर? कुठे आलं हो ते?" दुकानदार म्हणाला. "गेम खेळायचेत का?"

"मासे बघायचेत."

दुकानदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मागच्या फळीवरचा धूळ खात पडलेला खोका काढून फुंकर मारली. "हे घ्या. खास माशांसाठीच आहे!"

कार्ड विटेएवढं निघालं. वर तीन पंखे! कॉम्प्युटरच्या पेटीत ते मावेना, म्हणून यजमानांनी पेटीची एक बाजूच काढून टाकली. बटण दाबलं, आणि तिन्ही पंखे असे घोंगावले की खुर्चीवरचा पेशंट गळ्यातल्या रुमालासकट उठला. "एक ड्रिल ठीक आहे हो डॉक्टर, पण चार?" म्हणत तो गेला तो गेलाच.

वीट परत गेली. तिच्या बदल्यात बिनपंख्याचं, पत्त्यांच्या कॅटएवढं कार्ड आलं. यानं चित्र दाखवलं, पण आवाज नाही. यजमानांनी बाह्या सरसावून कॉम्प्युटरला हुकूम लिहिला: जो म्हणून काही आवाज असेल, तो सगळा टीव्हीकडे! लगेच संगीत वाजलं. मग लक्षात आलं, की मासा अर्धाच आहे. डोकं बाहेरच्या टीव्हीवर, शेपूट आत बाईंच्या पडद्यावर! यजमानांनी सेटिंगमधे शोधाशोध केली. तिथे एक पर्याय सापडला: दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. तो दाबताच अख्खा मासा इकडेही आला आणि तिकडेही.

"झालं!" यजमान म्हणाले. "आता तू फक्त दात उपट!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि कौतुक ऐकायला स्वतः पेशंटांमधे जाऊन बसले. आत खुर्चीवर निवृत्त हेडमास्तर होते. बाहेर त्यांची पत्नी, एक बस कंडक्टर आणि गाल धरून बसलेली आणखी चार-पाच मंडळी. टीव्हीवर मासे डुलत होते. यजमानही डुलत होते.

आत बाईंनी तोंडात घालायचा पेनासारखा कॅमेरा उचलला आणि चालू केला.

बाहेर मासे गेले. त्यांच्या जागी एक अवाढव्य, ओली, लाल गुहा आली.

"अरे वा! समुद्राच्या तळाशी पोचलो वाटतं," कंडक्टर म्हणाला.

"हाय डेफिनिशन!" यजमान अभिमानाने म्हणाले. "ते शेवाळ बघा, किती स्पष्ट!"

"आणि ते पिवळे खडक!"

"प्रवाळ असणार," यजमान म्हणाले. तेवढ्यात गुहेच्या तळाशी पडलेला एक लठ्ठ गुलाबी प्राणी हलला आणि म्हणाला, "आँऽऽ."

यजमानांचं डुलणं थांबलं.

"हेडमास्तर, गोड खाता का?" टीव्हीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. खुर्चीजवळ माइक होता. हात गुंतलेले असताना बाई पेशंटची माहिती बोलून नोंदवायच्या. आणि जो म्हणून काही आवाज असेल, तो सगळा टीव्हीकडे!

"आमच्या हिने सगळं बंद केलंय हो," गुहा म्हणाली. "पण ती शेजारी गेली की मी साखरेचा डबा काढतो. तिला नका सांगू!"

हेडमास्तरीणबाई ताडकन उठल्या. "अस्सं! आणि मी म्हणते मुंग्यांनी संपवली!"

"बसा हो काकू, दिसत नाहीये," मागून कोणीतरी म्हणालं.

आत काम चालू असताना दार वाजवायचं नाही, हात हलतो, असा बाईंचा कडक नियम. तेव्हा बायकोला कळायच्या आत हे निस्तरायला हवं होतं! यजमानांनी रिमोट दाबला. पण त्याचे सेल बाईंनी घड्याळात घातले होते. मग त्यांनी फोन काढला. फोनवरून त्यांना कॉम्प्युटर चालवता यायचा. त्यावर त्यांनी हुकूम दिला. चित्र आडवं झालं. सगळ्या खोलीने माना डाव्या खांद्यावर टाकल्या आणि पुढे बघायला सुरुवात केली.

यजमानांनी दुसरा हुकूम दिला. चित्र सरळ झालं, पण खाली दबलेली माशांची चौकट उसळी मारून वर आली, ती नेमकी हेडमास्तरांच्या दाढेवर.

आतून नर्सबाईंची किंकाळी ऐकू आली. "बाई! दाढेत मासा!"

"आँ?" हेडमास्तर ओरडले.

"तुम्ही हलू नका! मासा नाहीये तो," डॉक्टरीणबाईंचा थंड आवाज आला. "हे आमच्या ह्यांचं काम आहे. साधा मासा दाखवायला सांगितला होता! या माणसाला दिवा लावायला सांगा, आधी वीज कुठून येते ते शोधायला जाईल."

खोलीतले सगळे डोळे यजमानांकडे वळले.

"बंद करा ना हो ते!" हेडमास्तरीणबाई म्हणाल्या.

"नका, नका!" कंडक्टर म्हणाला. "आणि डॉक्टरांना सांगा, वरच्या बाजूला एक काळी राहिलीय!"

आता वायर उपटणं हाच उपाय. पण टीव्ही यजमानांनी स्वतःच भिंतीला ठोकला होता, आणि इतका चपखल की मागे बोट जाईना! ते स्टुलावर चढले. वायरचा पातळसा वळसा तेवढा खालून डोकावत होता. हाताने ओढला, निसटला. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. शेवटी जिवावर उदार होऊन त्यांनी तो दाढेत धरला आणि मान मागे झटकली.

कट्!

वायर जागची हलली नाही. दाढ हलली.

त्याच क्षणी दार उघडलं. हेडमास्तर बाहेर आले आणि पत्नीचा चेहरा बघून पुन्हा आत जायला वळले. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी टीव्ही पाहिला, पेशंट पाहिले, आणि तोंडात वायर धरून स्टुलावर उभा असलेला आपला नवरा पाहिला.

"अहो," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खाली उतरा. आणि आत चला."

यजमान खुर्चीत आडवे झाले. बाईंनी इंजेक्शन दिलं. जीभ जड झाली, ओठ परक्याचे वाटू लागले. मग कॅमेरा तोंडात शिरला, आणि बाहेर खुर्च्या पुढे सरकवल्याचे आवाज आले.

"आई गं!" कोणीतरी म्हणालं. "उभी चिरलीय!"

"पण चित्र काय आहे! एकेक रेघ मोजून घ्या," कंडक्टरचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याने दार जरासं किलकिलं केलं. "अहो साहेब, मलाही घरच्या टीव्हीला असंच करायचंय. कुठलं कार्ड घातलंत हो हे?"

यजमानांचे डोळे लकाकले. कार्डाचं नाव, नंबर, कुठला ड्रायव्हर चांगला, कंपनीचा का घेऊ नये, सगळं सगळं त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून जीव तोडून सांगितलं.

"आँऽऽ! ऑऽऽ आँ आँऽऽ! आँऽऽ ऑ!"

"काय म्हणतायत?" बाहेरून कोणीतरी विचारलं.

कंडक्टरने हळूच दार लोटून घेतलं.

"फार दुखतंय म्हणतायत बिचारे."