टेकूंचा कोट आणि परवान्याची माफी

श्री धरित्रीमाता प्रसन्न. जिचे पोटी सोने आणि पाठीवर सरकार, तीस नमन करून, शके सत्राशे शाहात्तर, आनंदनाम संवत्सरी जे वर्तमान गुदरले ते ऐकिले तैसे लिहितो.

कोणे एके मुलखी राजा समुद्रापार आणि कारभारी उरावर, ऐसी व्यवस्था होती. तेथे डोंगरपायथ्यास सोने लागले. मग कारभारीसाहेबी हुकूम केला की, जो भूमीस कुदळ लावील त्याणे दरमहा परवाना घ्यावा; सोने लाभो वा न लाभो, पट्टी चुकणे नाही. आणि शिपाई परवाने तपासीत हिंडू लागले, आणि ज्यापाशी नाही त्यास साखळीने झाडास बांधू लागले. सबब खाणकऱ्यांत रिवाज पडिला की, शिपाई दिसताच परात वाजवावी आणि सर्वांनी आपापले खाणीचे विहिरीत उतरावे. शिपायांस अंधाराचे भय, ते खाली येत ना. त्यांत खेमाजी गोवरे म्हणोन जुना खाणकरी होता. धाकटा भाऊ रायाजी, त्यावर त्याचा जीव फार. एके दिवशी रायाजीस साखळी पडली, तेव्हा खेमाजीचे पित्त खवळले. त्याणे मंडळी मेळवून परवाने जाळिले आणि बोलिला, "आजवर उंदरागत बिळात शिरलो. आता कोट बांधू आणि भुईवर उभे राहू." परंतु डोंगर उघडाबोडका, लाकूड कोठून आणावे? मग विहिरींचे टेकू उपटून काढिले आणि कोट उभा केला. रायाजी बोलिला, "दादा, खालची माती आता कशावर राहील?" खेमाजी बोलिला, "खाली जातो कोण?"

पुढे पहाटेस सरकारी पलटण तोफेसुद्धा आली, आणि कोणी सवयीने परात वाजविली. जित्याची खोड ती! निम्मे लोक कोट सोडून विहिरींत उतरले, आणि टेकूंची पुसतपास करणारा रायाजीही उतरला. खेमाजी "वर या" म्हणोन ओरडतो, तो तोफ सुटली, भूमी हादरली आणि विहिरी बसल्या. दुसरा गोळा टाकावा लागला नाही. हे लिहिताना वाईट वाटते.

मग समुद्रापार बोभाटा जाहला आणि परवाना माफ जाहला. कारभारीसाहेब जातीने शालजोडी घेऊन आले आणि खेमाजीस बोलिले, "आता खाली जाणेस कोणाची आज्ञा नलगे." खेमाजी बोलिला, "मला जाणे नाही, साहेब. भाऊ खाली आहे. त्यास वर येणेचा परवाना असला तर द्यावा. पट्टी भरतो." साहेबी शालजोडी परत नेली.

येणेप्रमाणे खाणकऱ्यांची फत्ते जाहली. कळावे.