लिफ्टचा दोर कुणाला दिसतो?

शहरातल्या एकमेव सार्वजनिक रुग्णालयातली लिफ्ट सोमवारी सकाळी बंद पडली. शस्त्रक्रियागृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि हाडं मोडलेले रुग्ण तळमजल्यावर असतात. ही रचना कोणी केली हे विचारू नये. त्यांचा पुतळा आवारातच आहे.

माझ्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून तळमजल्यावर पडल्या होत्या. वॉर्डातले चार मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रोज दोन रुग्णांना स्ट्रेचरवरून जिन्याने वर नेत. त्या हिशेबाने सासूबाईंचा नंबर पुढच्या शुक्रवारी होता.

"दोर झिजलाय, एका दिवसाचं काम आहे," मेकॅनिक म्हणाला. मोठ्या सिस्टरनी नगरपालिकेला पत्र दिलं. उत्तर तत्परतेने आलं: शहराची काळजी प्रतिष्ठान घेत असताना पालिकेने मध्ये पडल्यास दात्यांच्या भावना दुखावतील.

देणग्या देणाऱ्या या प्रतिष्ठानचं आपल्या शहरावर जिवापाड प्रेम. त्यांच्या व्यवस्थापिका दुसऱ्याच दिवशी पाहणीला आल्या.

"हा दोर असतो कुठे?"

"वर, आतमध्ये," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे लोकांना दिसत नाही?"

"दिसायला लागला तर लोक लिफ्टमध्ये बसणार नाहीत, बाई."

व्यवस्थापिकांनी वही मिटली. प्रतिष्ठानच्या घटनेनुसार ज्या वस्तूवर नाव कोरता येत नाही, तिला देणगी देता येत नाही. दोराभोवती नाव गुंडाळता येईल का, यावर त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. पण वाचायला वर कोण जाणार?

मात्र प्रतिष्ठानने शहराला वाऱ्यावर सोडलं नाही. आठ दिवसांत लिफ्टला चकचकीत दारं आली, त्यावर संस्थापकांचं नाव आलं, आत आरसा आणि मंद संगीत आलं. मेकॅनिकने लिफ्ट कशीबशी हाताने तळमजल्यावर उतरवली, आणि गुरुवारी उद्घाटन झालं. प्रतिष्ठानच्या अध्यक्षांनी फीत कापली, ते आत गेले, दार मिटलं. संगीत वाजलं. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि अध्यक्ष तळमजल्यावरच बाहेर आले.

"कशी वाटली लिफ्ट?" पत्रकाराने विचारलं.

"अप्रतिम! प्रवास जाणवलाच नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

शुक्रवारी मी सासूबाईंचे केस विंचरून, त्यांना तयार करून बसलो. मामा आलेच नाहीत. लिफ्ट सुरू झाल्याने जिन्यावरून स्ट्रेचर नेण्यास बंदी झाली होती. तसं करणं म्हणजे देणगीचा जाहीर अपमान. चारही मामांची बदली लिफ्टवर झाली होती. एक दार उघडायला, एक आरसा पुसायला, दोघं आभार मानायला.

"सिस्टर, अहो, ती लिफ्ट वर जात नाही!" मी रडकुंडीला आलो.

"मला का सांगता? मी रोज जिना चढते," त्या हळूच म्हणाल्या. "लेखी तक्रार करा. पण प्रतिष्ठान रागावलं तर नवजात बाळांच्या खोलीला मिळणारा रंगही जाईल. बघा, तुम्हीच ठरवा."

मी तक्रार केली नाही. लाज वाटली, पण केली नाही. प्रतिष्ठानच्या अहवालात छापून आलं, की नव्या लिफ्टमुळे जिन्यावरची रुग्णांची गर्दी शून्यावर आली असून लिफ्टमध्ये एकही अपघात झालेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

महिनाभराने डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलं, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. सासूबाई यापुढे चालणार नाहीत.

घरी आणल्यावर त्यांनी उद्घाटनाचा फोटो मागून घेतला आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"जावईबापू, एवढी माणसं जमली होती. लिफ्ट वर गेली नाही, हे एकालाही दिसलं नाही?"

"सगळ्यांनाच दिसलं, आई."

"मग?"

फोटोत मी दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवताना दिसतो. आणि माझ्या शेजारी, वाचकहो, दोन्ही हात पार डोक्यावर नेऊन वाजवताहेत ना, ते तुम्ही.