शेठची शेपटी

समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाच्या मनातून भीती कायमची निघून जाते, असं आमच्याकडे प्रत्येक सत्काराच्या भाषणात सांगतात. हिराजीनाना निवृत्त झाले तेव्हाही एका पुढाऱ्याने शाल हातात धरून हे वाक्य म्हटलं होतं. नाना त्या वेळी स्टेजवर खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, कारण बरोबर डोक्यावर मंडपाचा पंखा फिरत होता. टाळ्या चालू असतानाच ते माझ्या कानाशी लागले, “मास्तर, त्या पंख्याचा नट ढिला हाय. धोका हाय.”

मी मास्तर नाही. मी वाचनालयात होतो. पण जो माणूस पुस्तकांजवळ बसतो तो नानांच्या लेखी मास्तरच.

नाना आगरदांडा ते दिघी जाणाऱ्या फेरीबोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे सुकाणूवरचा माणूस. पावसाळी वारा सुटलेला, ओहोटीची ओढ उलटी, बोटीवर मोटारी, मोटरसायकली आणि कठड्यावरून वाकून ओकणारे पर्यटक, अशा अवस्थेत त्यांनी बोट धक्क्याला अलगद टेकवलेली मी पाहिली आहे. तोंडात पान आणि चेहऱ्यावर कंटाळा. हाच माणूस घरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अंगणात उभा राहतो. फोन चार्जिंगला लावला की त्या खोलीत पाऊल टाकत नाही. लिफ्टमध्ये तर ते आजवर शिरलेलेच नाहीत. लेक सुमन नेरूळला सातव्या मजल्यावर राहते, त्यामुळे नाना तिच्याकडे फारसे जात नाहीत.

एकदा मी विचारलं, “नाना, तुफानात घाबरला नाहीत, आणि कुकरला घाबरता?”

“तिथं सुकाणू हातात असतं, मास्तर. कुकरला सुकाणू कुठं हाय?”



नानांची बायको ताराबाई. तिने आयुष्यभर मुरूडच्या बाजारात मासे विकले. मग गुडघे दुखायला लागले म्हणून पाटी खाली ठेवली आणि दुसऱ्याच आठवड्यात माणगावच्या बाजारातून एक जिवंत मासा आणला. निळाजांभळा, बोटाएवढा, आणि मागे शालूच्या पदरासारखी लांबलचक शेपटी. दुकानात याला फायटर म्हणतात. नानांनी विचारलं, हा खायचा कसा? ताराबाई म्हणाली, “जन्मभर मेलेलं मासं बघितलं. आता एक जिता बघू द्या.” मासा दिवसभर भरजरी कपडे घालून काही न करता फिरतो, हे पाहून तिने त्याचं नाव शेठ ठेवलं.

यंदा थंडीच्या सुरुवातीला लेकीचं बाळंतपण करायला ताराबाई नेरूळला गेली. जाताना तिने डाळ-तांदूळ कुठे आहे ते सांगितलं, गॅस कसा बंद करायचा ते सांगितलं, आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाली, “शेठला जपा. त्याला कायपण झालं तर माझ्याशी गाठ हाय.”

इथून नानांच्या आयुष्यातला खरा दर्यावरचा काळ सुरू झाला.

घरात एकटे राहिल्यावर नानांना शेठची दया आली. त्याच्या काचेच्या टाकीत नुसते गुलाबी खडे आणि प्लॅस्टिकचा एक किल्ला. माशाच्या जातीला हे कसं रुचावं? नाना धक्क्यावर गेले आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खांबाजवळून कालवं चिकटलेला एक दगड घेऊन आले. धुतला, उकळला आणि टाकीत ठेवला. शेठला घरासारखं वाटावं, हा हेतू. शेठचे पूर्वज कुठल्या तरी पूर्वेकडच्या देशात भाताच्या खाचरातल्या पाण्यात राहत, हे मी नंतर वाचलं. समुद्राशी त्यांचा संबंध जेवढा माझा तेवढाच.

कालवाच्या शिंपल्याची धार ज्याला लागली आहे त्याला पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी शेठच्या पदराच्या चिंध्या झाल्या होत्या. नानांनी मग कोळीवाड्यात कोणीही केलं असतं तेच केलं. जाळ्याने हात कापला, काट्याने पाय फुटला, तर इथे माणूस जखम समुद्राच्या पाण्यात बुडवतो. नानांनी चांगलं खोल पाण्यातलं, स्वच्छ, तांब्याभर खारं पाणी आणून टाकीत ओतलं. गुण येईना म्हणून आणखी एक तांब्या ओतला.

सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा, सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली.

“मास्तर, शेठ आडवे झाले.”

“कोण शेठ?”

“आमचे.”

मी चप्पल न घालता धावलो, हे नमूद करायला हवं, कारण मी पाळीव प्राण्यांच्या बाबतीत भावुक होणाऱ्यांतला नाही. टाकीच्या तळाशी शेठ एका कुशीवर पडला होता. रंग उडालेला. कल्ले हलत होते, पण असे, की पुढच्या वेळी हलतील याची खात्री वाटू नये. नाना काचेवर तळहात ठेवून उभे होते.

मी माणगावच्या दुकानदाराला फोन लावला. त्याच्या पाटीवर ‘मत्स्यतज्ज्ञ’ असं लिहिलेलं आहे. सगळं ऐकून तो गंभीर आवाजात म्हणाला, “केस क्रिटिकल आहे. पेशंटला आधी शिफ्ट करा.” मग त्याने सांगितलं ते तसं साधं होतं. दगड काढा. भरून ठेवलेलं शिळं गोडं पाणी घ्या, नळाचं ताजं नको. कोमट राहू द्या. थोडं थोडं बदला. पाणी हलवू नका. चिमटीएवढंच खायला घाला. शिवाय एसटीच्या पार्सलने त्याने निळ्या औषधाची बाटली पाठवली. नानांनी लेबल माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, म्हणाले, “धोका हाय,” आणि बाटली न उघडता देव्हाऱ्यात ठेवली. तिला रोज हळदकुंकू लागत असे.

शेठ एका पांढऱ्या टबात गेला आणि नानांनी बाकी सगळं सोडलं. उन्हात टब ठेवायचा, पण ऊन जास्त नको, म्हणून स्वतः छत्री धरून बाजूला बसायचं. पाण्यात मनगट बुडवून कोमटपणा बघायचा. ज्या माणसाने आयुष्यभर पाणी कापलं तो आता पाण्याला लाट येऊ नये म्हणून अंगणातून चवड्यांवर चालायचा. गल्लीतल्या मांजरांना एरवी तेच माशांची डोकी टाकत. आता एक जुनं वल्हं घेऊन ते त्यांच्यावर पहारा करू लागले. मांजरांना हा बदल समजला नाही. ती समोरच्या कौलांवर ओळीने बसून वाट पाहत.

घाबरणं संसर्गजन्य असतं. मीही वर्तमानपत्राआधी टब बघायला जाऊ लागलो. शेठ हलला नाही तर मी टबाशीच उकिडवा बसून राहायचो, आणि हलला तर वाटायचं, हे शेवटचं हलणं तर नव्हे?

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. ताराबाईचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न, “शेठ जेवले?” दुसरा, “तुम्ही जेवलात?” नाना फोन टबाच्या एका टोकाला असा धरायचे की शेठचं फक्त तोंड दिसावं. शेपटीच्या बाजूला मी परात आडवी धरायची.

“रोज समोरूनच का दाखवता?” ताराबाई विचारायची.

“तसा वारा हाय,” नाना सांगायचे.

मग फाटलेल्या कडांना पांढुरकी किनार दिसायला लागली. दुकानदाराने सांगितलं होतं, किनार पारदर्शक असेल तर नवी शेपटी येते आहे, आणि कापसासारखी असेल तर शेपटी कुजते आहे. आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. मला कापूस वाटला. नानांना काही दिसत नव्हतं, कारण त्यांचे डोळे भरले होते. ते मी भिंगातून पाहिलं नाही, पण दिसलं.

त्याच संध्याकाळी फोनवर ताराबाई म्हणाली, “सुमन म्हनते, इथंच राहा म्हनून. बाळ ल्हान हाय. जावईबी म्हनतात.”

“राहा की,” नाना म्हणाले. “हिथं काय काम हाय? आमचं बरं चाललंय.”

फोन ठेवला. परात माझ्या हातातच होती. मी म्हटलं, “नाना, सांगून टाका तिला माशाचं. बोलेल चार शब्द. तिला एवढं काय घाबरायचं?”

“तिला कोन घाबरतंय?” ते टबाकडे बघत म्हणाले. “ती रोज फोन करते ती शेठसाठी. शेठ गेले तर काय इचारायला करंल? आन परत कशाला येईल? मास्तर, तिकडं सातव्या मजल्याला मना चढवत न्हाय. लिफ्टमदी धोका हाय.” मग पाण्यात मनगट बुडवत म्हणाले, “याला सुकाणू कुठं लावू, सांगा.”

मी परात खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवली.

त्यानंतरच्या दिवसांत नाना पाणी बदलत, मी छत्री धरी. किनार रुंद होत गेली. एका सकाळी शेठ वर आला आणि पृष्ठभागावर तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचा एक पुंजका रचू लागला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “घर बांधतोय. पेशंट आऊट ऑफ डेंजर.” नानांनी वल्हं मांजरांच्या दिशेने फेकून दिलं. ते लागलं कोणालाच नाही.

बाळाचं बारसं झालं आणि ताराबाई परत आली. न कळवता, मुरूडच्या एसटीने, हातात पिशव्या घेऊन. आल्या आल्या तिने टबात पाहिलं. अर्धी शेपटी निळी, अर्धी नवी, काचेसारखी.

“कालवं?” तिने विचारलं.

नाना कुकरची शिट्टी होणार असल्यासारखे उभे होते. “तुला कसं कळलं?”

“जन्मभर मासं विकलं मी. शिळं मासं खपवायचं असलं की असंच एका बाजूनं दाखवतात. पयल्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर फोन उचलला असता तुम्ही?” ती पिशव्या आत नेत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मास्तर, ह्यांना नुसतं ‘कसे हाय’ इचारलं तर ‘बरा हाय’ बोलून फोन ठेवतात. माशाचं इचारलं की तास तास बोलतात. म्हनून इचारायची. सातव्या मजल्यावर मना तरी कुठं करमत व्हतं?”

नानांनी देव्हाऱ्यातली निळी बाटली काढली, पुसली आणि परत ठेवली. आत कुकर लागला. पहिल्या शिट्टीला ते अंगणात आले, आणि दुसऱ्या शिट्टीच्या आधी, मी पाहत असताना, पुन्हा आत गेले.

सोबतीवाचून कुठल्याही जिवाला राहवत नाही, असा एक विचार त्या वेळी माझ्या मनात आला. घरी येऊन मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की फायटर मासा एकटाच ठेवावा. पाण्यात जोडीदार सोडला तर दोघं एकमेकांची शेपटी फाडतात.