चेअरमन हसले आणि म्हशी आटल्या

बोरजाईवाडीच्या दूध सोसायटीचे चेअरमन लालासाहेब यांनी मिशीवरून उलटा हात फिरवला, की गावानं समजायचं, आता काहीतरी अचाट होणार! पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्यांनी तसा हात फिरवला आणि सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "कुंडलात न्हाई, पलुसात न्हाई, आरं सांगलीतबी कुणी केलं न्हाई ते आपुन करायचं! सोसायटीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला रंगराज आणायचा!"

रंगराज म्हणजे सिनेमातला. पडद्यावर एका हातानं घोडा आवरणारा आणि दुसऱ्या हातानं नायिका. व्हाईस चेअरमन भाऊसोनं त्याचा एकेक सिनेमा चार-चार वेळा बघितला होता, तो तर ऐकूनच खाली बसला.

लालासाहेबांच्या पोटातली गोष्ट मात्र वेगळीच होती. वरच्या दूध संघावर या भागातला एक संचालक घ्यायचा होता. उद्घाटन रविवारी, आणि मंगळवारी सकाळी संघाचे साहेब सोसायटी बघायला येणार. गावचं दूध रोज चारशे लिटर. साहेबांनी ते डोळ्यांनी बघायचं, भिंतीवर रंगराजाबरोबर लालासाहेबांचा फोटो बघायचा, की झाले लालासाहेब संचालक! त्यांनी जॅकेटचं माप देऊनसुद्धा टाकलं होतं.

ते साल महिला वर्षाचं. सरकारी कागदावर सगळीकडं 'महिला, महिला' चाललेलं. लालासाहेब म्हणाले, "रंगराजाची जाहीर मुलाखत घ्यायची, आणि ती बाईमाणसानंच घ्यायची! संघाला कळू दे, आमची वाडी किती पुढं गेलीया."

बाईमाणूस वाडीतच होतं. इंदुमती, गावातली पहिली बी. ए. झालेली मुलगी, शेजारगावच्या हायस्कूलमध्ये मास्तरीण. शाळेहून आली की संध्याकाळी देवळात बायकांना सही शिकवायची. तिच्यामुळं तीस-पस्तीस बायका दुधाच्या वहीत अंगठा सोडून सही करायला लागल्या होत्या. तिनं आठ दिवस खपून एकवीस प्रश्न काढले, शाईनं वहीत उतरवले.

रविवारी दुपारी माईकवाल्या याकूबनं आपले आठही कर्णे पिंपळावर आणि देवळाच्या शिखरावर बांधले. याकूबचा माईक म्हणजे काय सांगावं! बोरजाईवाडीत कुणी खोकला तर सात वाड्यांना कळावं. स्टेजवर दोन माईक, एक रंगराज आणि इंदुमतीच्या मध्ये, दुसरा लालासाहेबांच्या पुढ्यात, आभारासाठी. दोन्ही चालू.

रंगराज आला तो दोन तास उशिरा, काळा चष्मा लावून. पडद्यावर दिसायचा त्याच्या निम्मा होता आणि पोट दुप्पट. पण टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला लालासाहेबांची चुलती अंबूबाई ओवाळायचं ताट घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

इंदुमतीनं वही उघडली. "आमच्या गावातल्या बायका पहाटे उठून धारा काढतात, तेव्हा सोसायटीत दूध येतं. तुमच्या सिनेमात अशी कष्टाची बाई कधी का दिसत नाही?"

प्रश्न बरा होता. उत्तर द्यायला मात्र माणसानं काही वाचलेलं तरी असावं लागतं, नाहीतर विचार तरी केलेला. रंगराज खुर्चीत मागं रेलला, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाला, "बाई, प्रश्न कसले विचारता! तुमच्यासारखं पाखरू इथं आहे हे आधी कळलं असतं, तर शूटिंगच इथं लावलं असतं! ती वही ठेवा खाली. जरा इकडं तोंड करा, बघू द्या तरी!"

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसले लालासाहेब. "हॅ हॅ हॅ हॅ!" आणि समोर माईक! ते हसू आठ कर्ण्यांतून निघालं, देवळावरून, उसाच्या फडांवरून, ओढ्यापलीकडं गेलं. खालच्या वाडीत पाणी धरणाऱ्या माणसानं फावडं थांबवून विचारलं म्हणे, चेरमनला काय झालं?

इंदुमतीचे कान लाल झाले. पण आवाज जागचा हलला नाही. "माझा प्रश्न तसाच आहे."

"मग जवळ या की! उत्तर कानात सांगतो."

"हॅ हॅ हॅ हॅ!" पुन्हा सात वाड्या.

इंदुमतीनं वही मिटली. "एकविसातला हा पहिला प्रश्न होता. बाकीचे वीस मी ठेवते. ज्याला उत्तर द्यायची अक्कल असेल, त्याला विचारीन." आणि ती सरळ पायऱ्या उतरून चालू लागली.

मागोमाग अंबूबाई उठली. तिनं ताटातलं निरांजन फुंकून विझवलं. अख्ख्या मांडवानं ते बघितलं. "ववाळायला आल्ते," ती म्हणाली, "पर ववाळण्याजोगं हितं काय दिसंना." ती निघाली तशा सगळ्या बायका निघाल्या. अर्धा मांडव मोकळा! रंगराजानं फेटा बांधून घेतला, तांबडा-पांढरा रस्सा ओरपला आणि गाडीत बसताना म्हणाला, "तुमच्या बायका फारच नाजूक हो, चेअरमन."

तो गेला, आणि गावातला प्रत्येक गडी त्याचा वकील झाला! सोसायटीच्या ओट्यावर खटलाच चालला. कुणी म्हणालं, एवढा मोठा माणूस बोलला, भाग्यच म्हणायचं. कुणी म्हणालं, तिनं ती भारीतली साडी नेसायचीच कशाला? भाऊसो म्हणाला, सिनेमात तर तो ह्याच्यापेक्षा लय बोलतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. अकलेचा एवढा दुष्काळ जत तालुक्यानंही पाहिला नसेल.

घरी लालासाहेब जेवायला बसले. त्यांची बायको मनुबाई भाकरी थापत होती. गरीब बाई, कधी वर तोंड करून बोलायची नाही. ती म्हणाली, "तुमी हसायला नगं हुतं."

"का? आगं, कौतुकच केलं की त्यानं! मोठ्या माणसाचं बोलणं, हसून न्यायचं!"

"तिच्या जागी मी आसते तर?"

"तुला कोण कशाला म्हणतंय!" लालासाहेब म्हणाले आणि हसले. हेही हसू नको होतं.

मनुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं," म्हणाली. तेवढंच. शहाण्या नवऱ्याला त्या 'बरं'वरून कळलं असतं. लालासाहेबांनी दुसरी भाकरी मागितली.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या काट्यापुढं दुधाची एकही चरवी आली नाही. वाडीतल्या बायकांनी म्हशींना वैरण घातली, शेण काढलं, पाणी दाखवलं, आणि रेडकं सोडली! सगळं दूध रेडकांना. त्या दिवशी बोरजाईवाडीतल्या रेडकांइतकं सुखी कुणी सातारा-सांगलीत नव्हतं. पिऊन पिऊन ती गोठ्यात आडवी झाली.

अंबूबाई सोसायटीच्या दारात येऊन सांगून गेली, "लाला, तुजं हसू कर्ण्यावरनं सात वाड्यांनी ऐकलं. चुकलं म्हून त्याच कर्ण्यावरनं सांग. तवर कुणाच्या हाताला धार न्हाई! तुज्या वहीत आमच्या सह्या हायत, आमी अंगठं न्हाई आता."

"आगं काकू, उद्या सायब येनार हायत!"

"येऊ द्यात की. त्यास्नीबी ऐकव." आणि जाता जाता तिनं याकूबला बजावलं, "कर्णं उतरू नगंस रं. आजून काम हाय."

याकूब कशाला उतरवतोय! त्याच्या घरी बायकोनं, अख्तरबीनंही शेळीची धार बंद केली होती, त्याला सकाळपास्नं कोरा चहा.

गडी म्हणाले, त्यात काय, आपण काढू धार! या गावात कुस्ती मारलेले होते, लडाखच्या बर्फात बंदूक धरून उभे राहिलेले होते. पण म्हशीखाली बसलेला एकही नव्हता. हरिबा फौजी चरवी घेऊन ऐटीत बसला. म्हशीनं नुसतं मागं वळून बघितलं आणि लाथ घातली. लढाईतनं धड परतलेला माणूस गोठ्यातनं लंगडत बाहेर आला! म्हशीला हात ओळखीचा लागतो, वास ओळखीचा लागतो. परक्याला ती पान्हा सोडत नाही, मग तो चेअरमन असो नाहीतर सुभेदार.

संध्याकाळी भाऊसो म्हणाला, "चेरमन, माफी मागून टाका की."

"बायकांची? कर्ण्यावरनं? उद्या संचालक हुनारा मानूस मी!"

"मग एकच इलाज. म्हशी वळखत्यात ती लुगडी नेसायची!"

मंगळवारी दिवस उगवायच्या सुमारास वाडीतल्या वलणीवरची निम्मी लुगडी गायब झाली. गोठ्यागोठ्यात झुपकेदार मिशांवर पदर ओढून गडी बसले. लालासाहेबांनी मनुबाईचं हिरवं लुगडं नेसलं, नेसलं म्हणजे गुंडाळलं, आणि आपल्या चंद्रा म्हशीखाली उकिडवे बसले. चंद्रानं वास घेतला. घटकाभर विचार केला. आणि पान्हा सोडला! चरवीत धार वाजली. जॅकेट दिसायला लागलं डोळ्यांपुढं.

गोठा अगदी रस्त्याला लागून. तेवढ्यात जीप थांबली. संघाचे साहेब तासभर आधीच आले होते! लालासाहेबांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि रस्त्याकडं पाठ करून धार चालू ठेवली. साहेब निघून सोसायटीकडं जातील, आपण लुगडं फेडून पळत जाऊ.

साहेब जाईनात. रंगराजाचं वाक्य एव्हाना तालुकाभर झालं होतं. साहेब गोठ्याच्या कुडाशी टेकले, रुंद हिरवी पाठ न्याहाळली आणि घोळवून घोळवून म्हणाले, "काय बाई, ती चरवी ठेवा की खाली! जरा इकडं तोंड करा, बघू द्या तरी!"

लालासाहेबांच्या मानेवरून गरम पाण्याचा ओघळ उतरल्यासारखं झालं. धार काढणारा हात थांबला. चरवी उचलून टाळक्यात घालावी असं वाटलं, पण वळावं तर इज्जत जाते, आणि संचालकपद त्याच माणसाच्या खिशात! तोंड उघडायचीही सोय नाही. बसून ऐकायचं. ते अंगावर आलेलं बोलणं पुसायला हातही मोकळा नव्हता. असलं अडकलेपण लालासाहेबांना पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं.

आणि तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर हसला. "हॅ हॅ हॅ हॅ!"

ते हसू लालासाहेबांनी ओळखलं. ते त्यांचंच होतं. साहेबाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

"कोन हसलं रं त्ये!" असं गरजत लालासाहेब उठले आणि वळले. पदर पडला. मिशी बाहेर आली. साहेबांनी "अगं आई!" म्हणून उडी मारली, चंद्रानं दचकून लाथ घातली, चरवी उलटली, दूध रस्त्यावरून जीपच्या चाकाखाली गेलं. "मी सोसायटीचा चेरमन हाय!" लालासाहेब ओरडले. ते ऐकून तर साहेब जीपमध्ये चढूनच बसले. जीप वळली, आणि वळताना साहेबांना ओट्यापुढं चरव्या घेऊन उभी असलेली लुगड्यातली मिशाळ रांग दिसली. जीप थेट सांगलीला जाऊन थांबली असावी.

लालासाहेब तसेच निघाले, लुगड्याचा घोळ हातात धरून, थेट पिंपळाखाली. "याकूब, माईक लाव!"

"मालिक, तो चालूच हाय."

"ऐका रं सगळी," लालासाहेब म्हणाले, आणि आवाज सात वाड्यांवर गेला. "मी लालासाहेब बोलतुय. परवा इंदूला त्यो नट नगं ते बोलला, आन् मी हसलो. त्यो बोलून ग्येला, पर मी हितला. मी चुकलो."

बायका जमल्या होत्या. इंदुमती वही घेऊन पुढं आली. "चेअरमन, माझे वीस प्रश्न शिल्लक आहेत. एकच विचारते. आज कशामुळं कळलं?"

लालासाहेबांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "त्यो सायब... मला म्हनाला, जरा इकडं तोंड करा."

माईकपाशी मनुबाई कधी येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती कर्ण्यावरून बोलली. "आवं, मग? कौतुकच केलं की त्यानं! मोठ्या मानसाचं बोलनं, हसून न्यायचं!"

त्यावर सात वाड्या हसल्या. ओढ्यापलीकडून ऐकू आलं.

संचालकपद भलत्याच गावाला गेलं. जॅकेट शिवून आलं, ते पेटीत पडलं. दूध मात्र त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झालं. मनुबाईनं हिरवं लुगडं धुतलं, वाळवलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवलं.

"हितं कशाला ग त्ये?" लालासाहेबांनी विचारलं.

"राहू द्या हितंच," मनुबाई म्हणाली. "चंद्रानं तुमचा हात वळखलाय. सकाळची धार आता तुमची."

"बरं," लालासाहेब म्हणाले.