रबर तुटलं की काय

दातांना अडकवलेले रबर. सिद्धेश्वरहून निघालेली मोटारसायकल. गाळलेला मोसंबीचा रस. माश्या. एक सोन्याचा दात.

झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा म्हणून डॉक्टरांनी संतरामचा जबडा कापून पुढं सरकवला होता. नांदेडच्या दवाखान्यातून तो साखऱ्याला परतला, तो वरचे-खालचे दात रबरानं जखडूनच. चावणं बंद, बोलणं बंद. आणि नेमके आज सिद्धेश्वरहून किसनराव आले. त्यांच्या प्रमोदसाठी ते संतरामच्या प्रियदर्शनीला बघून गेले होते. होकार तेवढा यायचा राहिला होता.

"जयभीम. तुमी बोलू नका, मीच बोलतो. ताईंना येऊ द्या वावरातून, मंग सांगतो काय ते. लई ऊन हाय बुवा!"

संतरामनं आपल्या बाजेकडं बोट केलं. पाहुणा आडवा झाला, माश्या नकोत म्हणून चादर तोंडावर घेतली. संतराम परसात, म्हशीच्या गोठ्याशी, गुळण्या करायला गेला.

तेवढ्यात घोरणं सुरू झालं. छपराचे पत्रे थरथरले.

संतरामची बायको शकुबाई वावरातून आली ती फोन लावूनच बाजेशी गेली. "डाक्टरसाहेब, ऐका तुमचं आपरेशन!"

डॉक्टरांनी ऐकलं. "अहो, एवढं घोरायला तोंड उघडावं लागतं! रबर तुटले असतील. आधी तोंडात बघा!"

संतराम दारात पोचला तेव्हा बायकोनं चादर खालून नाकापर्यंत वर सारून दोन बोटं आत घातली होती.

"उंऽऽ! उंऽऽऽ!" तो जखडलेल्या दातांतून ओरडला.

"थांब गं, पाजते पाणी," शकुबाई मागं न बघता म्हशीला म्हणाली. मग फोनवर, "साहेब, रबर एकबी न्हाई! गिळून बसले वाटतं! अन् हा सोन्याचा दात काहून बसवला वो ह्यांनी, मला न इचारता?"

किसनराव जागे झाले. बोटं तोंडातच होती.

शकुबाईनं चादर ओढली आणि दोन पावलं मागं सरली. पदर तोंडावर. संतरामच्या डोळ्यांसमोर लेकीच्या लग्नाचा मांडव उडून गेला. माफी मागायलाही तोंड नव्हतं. त्यानं नुसते हात जोडले.

किसनरावांनी मिशा पुसल्या. परसात म्हैस ओरडली, या वेळी खरी.

"विहीणबाई," किसनराव म्हणाले, "डाक्टर हाय का अजून फोनवर? द्या बरं इकडं."

किसनरावांची बायको दिवाळीपासून शेजाऱ्यांच्या ओसरीवर झोपत होती.