रेणूबाईंच्या सहा थेंबांची हकीकत

श्री. घरोघरच्या लेकरांवर सटवाईची मर्जी असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य चतुर्थी, ते समयी एक राज्य होते आणि त्यात सॉफ्टवेअरची एक लायब्ररी होती, म्हणजे तयार गणितांचे कोठार, की बाळाचे वजन घालावे आणि औषधाचे थेंब विचारावे, किलोमागे एक थेंब. कर्ते त्र्यंबकराव मोघे. वजन चुकीचे आले तर त्यांनी वॉर्निंग ठेविली होती, म्हणजे लाल ओळ दिसते आणि गणित पुढे चालते. आणि राणीसाहेबांची पाच महिन्यांची कन्या रेणूबाई तापाने फणफणली, मग दवाखान्याच्या कारकुनाने घाईत किलोच्या जागी ग्रॅम घातले, आणि लाल ओळ उमटली, ती कोणी वाचिली नाही, कारण रोज दोनशे उमटत आणि न वाचता पुसण्याचाच तेथे रिवाज होता, आणि उत्तर आले, थेंब सहा हजार चारशे. साळूबाई दाई म्हणाली, “लेकरू आहे की हत्ती?” आणि बाटली खाली ठेविली. मग राणीसाहेबांनी मोघ्यांस बोलाविले. “वॉर्निंग होती ना?” “होती, बाईसाहेब. लाल होती.” “मग?” “लाल होती, एवढेच.”

मग सरदार रुद्राजी घाटगे बोलिले, “असर्शन बसवा. वजन पटले नाही की यंत्र जागीच बंद.” तैसेच केले. आणि दुपारी कोणाचे बाळ ताजव्यावर ठेवण्याआधीच यंत्रात वजन घातले गेले, शून्य, आणि यंत्र सगळेच बंद पडले, आणि बारा लेकरे खोळंबली, त्यात रेणूबाई चौथ्या, कपाळ तव्यासारखे. राणीसाहेब म्हणाल्या, “घाटगे, तुमचा पहारा चोर धरतो की गाव कोंडतो?” मोघे हळूच म्हणाले, “असर्शन आपल्या कोठारातल्या चुकीसाठी, बाहेरून आलेल्या चुकीसाठी नव्हे.” “आणि चूक कोणाची, हे आधी कळते कसे?” असे राणीसाहेबांनी दोघांस विचारिले. मग राणीसाहेबांनीच हुकूम केला की ज्याचे वजन पटत नाही त्या एकाच बाळाचे उत्तर अडवावे, ‘पुन्हा वजन घ्या’ म्हणावे, बाकीच्यांचे चालू द्यावे. आणि यंत्र सुरू जाहले, आणि रेणूबाईंचे थेंब आले सहा, लाल ओळ नाही, अडवणूक नाही. राणीसाहेबांनी तरी कन्येस दोनदा तोलविले आणि म्हणाल्या, “आता यंत्र काहीच बोलत नाही. हे बरे की वाईट?” साळूबाई म्हणाली, “बाईसाहेब, तोंड उघडून धरा तिचे.”

सारांश, थेंब पोटात गेले, सांजेस ताप उतरला. वॉर्निंग बरी की असर्शन, याचा निवाडा दरबारी जाहला नाही.